टॉर्पेडो खालून गेला

“हे मशीन एकाच वेळी दोन गावांत कसं काय होतं?” कमांडर साहेबांनी विचारलं.

त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक आमच्या कंपनीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. दुसरा पुण्याच्या एका लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मोजण्याचं मशीन खरं मोजतंय याचा दाखला. रिपोर्ट सांगत होता की शुक्रवारी वाळूजच्या आमच्या प्लांटमध्ये, आमच्या स्प्रिंग टेस्टरवर चाळीस स्प्रिंगा तपासल्या. सर्टिफिकेट सांगत होतं की बुधवार ते सोमवार तोच टेस्टर, त्याच सीरियल नंबरचा, पुण्यात होता.

खोलीत आम्ही चौघं होतो. नौदलाकडून आलेले कमांडर साहेब, आमचे एमडी, इन्स्पेक्टर शेख रहीम आणि मी, काकडे, क्वालिटी मॅनेजर. रिपोर्टच्या खाली अकरा नंबरचा शिक्का होता. तो शिक्का रहीमभाईंचा. रीडिंग्ज मात्र माझ्या हातची होती, आणि त्यातलं एकही मी मोजलेलं नव्हतं.

हे सगळं इथपर्यंत कसं आलं ते सांगतो. सांगायला लाज वाटते. पण ज्या गोष्टीची लाज वाटते ती अर्धी सांगितली तर ती आणखी एक लबाडी होईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आम्ही मोटारसायकलींसाठी स्प्रिंगा बनवत होतो. क्लचच्या, ब्रेकच्या, स्टँडच्या. मी मूळचा सोयगावकडचा. घरी कापूस आणि मका. डिप्लोमा करून वाळूजला लागलो आणि बारा वर्षांत क्वालिटी मॅनेजर झालो. गावाकडं सांगायला छान वाटायचं.

या धंद्यात प्रत्येक लॉटबरोबर एक रिपोर्ट द्यावा लागतो. इतक्या स्प्रिंगा दाबून बघितल्या, त्यांनी इतका इतका जोर दिला, सगळ्या मर्यादेत आहेत. गिऱ्हाइकाच्या गेटवर हा कागद नसेल तर ट्रक आत घेत नाहीत. कागद असेल तर फारसं कोणी वाचत नाही. म्हणून आमच्याकडं एक रीत पडली होती. त्याला आम्ही ‘रिपोर्ट बनवणं’ म्हणायचो. माल घाईत असेल तर दोन-चार नग खरे मोजायचे आणि बाकीचे रकाने मनानं भरायचे.

या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. नवखे लोक सगळीकडं एकच आकडा लिहायचे आणि पकडले जायचे. मी आकडे जरा वर, जरा खाली ठेवायचो. मधेच एखादा मर्यादेच्या अगदी काठावर ठेवायचो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की हे लोक काहीच लपवत नाहीत. याचा मला अभिमान होता. दुसऱ्या कंपन्यांतले मित्र फोन करून विचारायचे, “काकडे, जरा बघ ना, रिपोर्ट खरा वाटतोय का?”

आमच्या विभागात ही रीत न पाळणारा एकच माणूस होता. रहीमभाई. रोशन गेटजवळ राहायचे, सायकलनं स्टॉपवर यायचे आणि तिथून कंपनीच्या बसनं. सोळा वर्षं इन्स्पेक्टर. त्यांच्या रिपोर्टमध्ये न मोजलेल्या नगापुढं आडवी रेघ असायची. मी चिडायचो. ते म्हणायचे, “साहेब, जे मोजलं नाय ते मी कसं लिहू?” त्या वर्षी त्यांचं नाव सीनियर इन्स्पेक्टरसाठी पुढं गेलं होतं. शिफारस मीच केली होती. त्यांच्यासारखं मोजणारं माणूस दुसरं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

अशात आमच्याकडं नौदलाची एक लहानशी ऑर्डर आली. परदेशातून घेतलेल्या जुन्या टॉर्पेडोंचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, म्हणून ते इथंच बनवून बघायचे होते. टॉर्पेडो म्हणजे पाणबुडीतून सोडतात तो, पाण्याखालून स्वतःच धावणारा लांबलचक बॉम्ब. त्यातली एक स्प्रिंग आमच्या वाट्याला आली. चाळीस नग. मोटारसायकलीच्या लॉटपुढं हे म्हणजे मूठभर काम. पण एमडींनी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले.

स्प्रिंग काय करते ते सोपं आहे. टॉर्पेडोच्या अंगावर एक लवचिक पडदा असतो. बाहेरून समुद्राचं पाणी त्याला आत दाबतं, आतून स्प्रिंग त्याला बाहेर रेटते. दोघांचा जोर सारखा झाला की टॉर्पेडो त्याच खोलीवर धावत राहतो. आता स्प्रिंग हवी त्यापेक्षा ताठ निघाली तर काय होईल? तिला दाबायला पाण्याचा जास्त जोर लागेल. आणि पाण्याचा जास्त जोर असतो जास्त खोलीवर. म्हणजे टॉर्पेडो खाली जाणार.

हे मला ड्रॉइंग हातात आलं त्याच दिवशी समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

माल तयार झाला आणि नेमका स्प्रिंग टेस्टर कॅलिब्रेशनसाठी पुण्याला गेलेला. सोमवारी येणार होता. नौदलाची गाडी शुक्रवारी दुपारी तीनला येणार होती. समुद्रात चाचणीसाठी पाणबुडी, निशाणाचं जहाज, टॉर्पेडो परत उचलणारी बोट, सगळ्यांचा दिवस ठरलेला होता. एमडींनी गुरुवारी मला बोलावलं.

“काकडे, उद्या माल गेला पाहिजे.”

“सर, टेस्टर नाही.”

“ते तू बघ. पहिल्याच ऑर्डरला तारीख मागितली तर पुन्हा दारात उभं करतील का?”

मी खाली येऊन रहीमभाईंना सांगितलं, रिपोर्ट तयार करा. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“मशीन नाय. मग कशानं मोजू? बोटानं दाबून सांगू का?”

“चाळीसच तर नग आहेत, रहीमभाई. मोटारसायकलीला चालतं ना?”

“मोटारसायकलीला तुम्ही चालवता, साहेब. मी तिथंबी नाय लिहिलं.”

विषय तिथंच थांबला. शुक्रवारी एक वाजता रहीमभाई नेहमीप्रमाणं गेटपास घेऊन जुम्म्याच्या नमाजला गेले. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. कोरा फॉर्म घेतला आणि चाळीस रीडिंग्ज लिहिली. वीस मिनिटं लागली. खरं सांगतो, लिहिताना मजा आली. एकतिसावं रीडिंग मी अगदी काठावर ठेवलं.

मग शिक्का. आमच्याकडं प्रत्येक इन्स्पेक्टरला स्वतःच्या नंबरचा शिक्का असतो. सहीपेक्षा त्याला मान जास्त. दुसऱ्याच्या शिक्क्याला हात लावायचा नाही, हा नियम ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगतात. बरीच वर्षं तो सांगणारा मीच होतो. मॅनेजरला शिक्का नसतो, त्यामुळं माझ्याकडं माझा नव्हता. रहीमभाईंच्या खणाला कुलूप नव्हतं. मी खण उघडला, शिक्का मारला, परत ठेवला.

अडीचला रहीमभाई आले. खण उघडून बघितला, शिक्का हातात घेतला, त्याच्या तळाला बोट लावलं. बोटाला शाई लागली.

“साहेब, मशीन आलं का?”

“नाही.”

“माल?”

“पॅक झाला. तुम्ही नका काळजी करू.”

त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि कामाला लागले. मीही कामाला लागलो. तीनला गाडी माल घेऊन गेली.

दोन महिन्यांनी कमांडर साहेब आले. मूळचे रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे. आयुष्यातली बरीच वर्षं पाणबुडीत काढलेली. बोलणं हळू. चाचणीत काय झालं ते त्यांनी आधी सांगितलं. टॉर्पेडोत स्फोटकाच्या जागी नोंदी ठेवणारं यंत्र बसवलं होतं. पाणबुडीनं निशाणाच्या जहाजावर नेम धरून तो सोडला. दिशा बरोबर, वेग बरोबर. खोली मात्र चुकली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या अंतरानं तो खालून निघून गेला. दुसरा सोडला, तोही तसाच. दोन्ही उघडून बघितले. बाकी सगळं ठीक होतं, आमची स्प्रिंग ताठ होती. मग त्यांनी उरलेल्या स्प्रिंगा तपासायला घेतल्या. निम्म्या बरोबर, निम्म्या ताठ.

कारण पुढं आम्हाला सापडलं. रॅकवर तारेची दोन बंडलं शेजारी होती, एकाची तार जराशी जाड. तार एवढीशी जाड झाली तरी स्प्रिंगचा ताठरपणा भलताच वाढतो. चूक कामगाराकडून झाली होती, आणि अशी चूक होतेच. ती पकडायला तर इन्स्पेक्शन असतं. टेस्टरवर ती पहिल्या चार-पाच नगांत दिसली असती.

तर असे आम्ही चौघं त्या खोलीत. 

एमडींनी रिपोर्ट उचलला, बघितला, खाली ठेवला. “हा शिक्का कोणाचा?”

“अकरा नंबर. माझा हाय,” रहीमभाई म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रोज सकाळी काम विचारायला यायचे तसंच बघितलं. मला पुरेसा वेळ दिला. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट केलं.

“म्हणजे ही रीडिंग्ज तुम्ही लिहिलीत?” कमांडरांनी विचारलं.

“नाय. शिक्का माझा, लिहिणारा हात माझा नाय. खणाला कुलूप नव्हतं, ती चूक माझी.”

“मग कोणी लिहिली?”

“मी बघितलं नाय, साहेब. जे बघितलं नाय ते कसं सांगू? ज्यानं लिहिलं त्यानं सांगावं.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण विभाग माझा होता. माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, “सर, आमच्या सिस्टीमप्रमाणं ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी. मी चौकशी करतो.”

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सिस्टीम तशीच होती. एवढं स्वच्छ, नियमाला धरून मी त्याआधी कधी खोटं बोललो नव्हतो.

मीटिंगनंतर कमांडर साहेबांना कारखाना दाखवायला मीच घेऊन गेलो. मशीनच्या आवाजात ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “काकडे, पाणबुडीचं युद्ध लोकांना वाटतं तसं शौर्याचं नसतं. ते वाट बघण्याचं असतं.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. युद्धात शत्रूची लढाऊ जहाजं बुडवण्यापेक्षा मालवाहू जहाजं बुडवणं कधी कधी जास्त महाग पडतं त्याला. तेल, धान्य, कोळसा, रबर हे सगळं समुद्रावरून येतं. ते तुटलं की कारखाने थांबतात, विमानं जमिनीवर राहतात. दुसऱ्या महायुद्धात जपानचा गळा असाच आवळला गेला, आणि त्यात अमेरिकी पाणबुड्यांचा मोठा हात होता. जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनचं तसंच करत आणलं होतं, पण ब्रिटनची जहाजं ताफ्यानं, पहाऱ्यात जायला लागली आणि बेत फसला. एक पाणबुडी आठवडेच्या आठवडे पाण्याखाली कोंडलेल्या हवेत फिरते. जहाज दिसतं, नेमाची संधी मिळते ती काही मिनिटांची. एवढ्या सगळ्याचा निकाल शेवटी टॉर्पेडोवर. तो खालून गेला तर जहाज पुढं निघून जातं. टॉर्पेडोच्या मागचा फेसाचा पट्टा मात्र पाणबुडी कुठं आहे ते दाखवून देतो. मग पहारेकरी जहाजं तिच्या मागं लागतात.

“अमेरिकेच्या पाणबुड्यांना सुरुवातीला हेच झालं,” ते म्हणाले. “टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली धावत होते. कप्तान परत येऊन सांगायचे, नेम बरोबर होता. किनाऱ्यावरचे म्हणायचे, टॉर्पेडो उत्तम आहे, आमच्याकडं चाचणीचे कागद आहेत, तुमचाच नेम चुकला. महिनोन्‌महिने हे चाललं. चांगल्या माणसांवर ठपका आला.”

“मग कसं कळलं, सर?”

“शेवटी एका अधिकाऱ्यानं मच्छीमारांचं जाळं आणलं. पाण्यात उभं टांगलं. त्यातून टॉर्पेडो सोडले आणि जाळ्याला भोकं कुठं पडली ते मोजलं. कागद बाजूला ठेवून मोजलं, एवढंच.”

ते माझ्याकडं बघत राहिले. आजूबाजूला कोणी नव्हतं. तीन शब्द बोलायचे होते, मी लिहिलं सर. मी म्हणालो, “चहा घेऊया का सर?”

ते चहा न घेता गेले. ऑर्डर रद्द झाली. कमांडर साहेबांनी पत्रात लिहिलं होतं की हे युद्धात कळलं असतं तर कळवायला पाणबुडी परत आलीच असती असं नाही. एमडींनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाले, “अकरा नंबर बंद कर. पॅकिंगला टाक त्याला.”

बदलीच्या ऑर्डरवर सही क्वालिटी मॅनेजरची लागते. मी केली. सीनियर इन्स्पेक्टरची शिफारस मागं घेतल्याच्या कागदावरही मीच केली. बंद झालेला शिक्का टूलरूममध्ये कानशीनं घासून टाकतात आणि तो नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. रहीमभाई स्वतः शिक्का घेऊन आले. टूलरूमच्या माणसानं घासायला सुरुवात केली तेव्हा ते तिथंच उभे होते. रबर आधी गेलं, मग पितळेवरचा आकडा. ते मला म्हणाले, “बघून घ्या साहेब, बराबर गेला का.” मी बघितलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सात वर्षं त्यांनी खोक्यांना पट्ट्या मारल्या. मी रोज त्यांच्यासमोरून जायचो. ते नमस्कार करायचे, मीही करायचो. माझं प्रमोशन झालं. शिक्का घासला त्या दिवसापासून मी एकही रिपोर्ट बनवला नाही आणि विभागात कोणाला बनवू दिला नाही. लोक म्हणायचे काकडे साहेब क्वालिटीच्या बाबतीत फार कडक. ते ऐकलं की मला मान खाली घालावीशी वाटायची, आणि तरी मी ते ऐकून घ्यायचो.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी मी रोशन गेटला त्यांच्या घरी गेलो. आधी का गेलो नाही याला भित्रेपणाखेरीज कारण नाही. ते ओट्यावर बसून चष्म्याचा स्क्रू पिळत होते. मला आत नेलं, भाभींनी चहा आणला. मी कप हातातही घेतला नाही, एका दमात सांगून टाकलं. रीडिंग्ज मी लिहिली, शिक्का मी मारला, तुमच्या बदलीवर सही मी केली, मला माफ करा.

त्यांनी चष्मा लावून बघितला, काढला, पुन्हा स्क्रू पिळला.

“हे आजून कोणाला सांगितलं?”

“नाही. पहिल्यांदा तुम्हालाच.”

“मला कशाला सांगता, साहेब? मला तर त्याच दिवशी माहीत होतं. ज्याला माहीत नाय त्याला सांगा ना.”

“तुम्ही तेव्हाच माझं नाव का घेतलं नाही?”

“बोललो की तवा. बघितलं नव्हतं.” चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, “आन खरं सांगू? मला वाटलं तुम्ही बोलाल. लई दिवस वाटत होतं.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. नाही केलं असंही म्हणाले नाहीत. चहा गार झाला होता, तो भाभींनी परत गरम करून दिला.

घरी येऊन मी एमडींना फोन लावला. ते आता पुण्यात मुलीकडं असतात, ऐंशीच्या घरात आहेत. मी सगळं सांगितलं.  माझं संपल्यावर ते म्हणाले, “काकडे, तुझा चारचा आकडा वरून बंद असतो. आपल्या अख्ख्या प्लांटमध्ये तसा चार कोणी काढत नव्हतं. रिपोर्ट हातात घेतला तेव्हाच मला कळलं.”

“मग सर, तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? क्वालिटी मॅनेजर खोटा निघाला असता तर मोटारसायकलवाले दुसऱ्या दिवशी ऑडिटला दारात आले असते. इन्स्पेक्टर खोटा निघाला तर इन्स्पेक्टर बदलून भागतं. भागलं ना?”

कमांडर साहेबांचा पत्ता मला अजून मिळालेला नाही. पण दोन कागद शेजारी ठेवून मशीनचं खोटं पकडणारा माणूस मी चहा विचारला तेव्हा फसला असेल, असं मला आता वाटत नाही. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायला मी गप्प बसलो त्यांच्यातल्या कोणालाच बहुधा ते नवं नव्हतं. ज्यांना माहीत नाही असे उरलात ते तुम्ही, म्हणून हे लिहिलं.

नवीन मुलं मला क्वालिटीवर बोलायला बोलावतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. मशीन जागेवर नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि गाडी परत पाठवा. बोलणी खावी लागतात, पण गाडी पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. रहीमभाईंची सात वर्षं परत आली नाहीत.